भाकरी लिहून देणे सोपे असते

मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात एक सल्ला दिवसातून कितीतरी वेळा दिला जातो : पोळी कमी करा, भाकरी सुरू करा. वजन वाढलेल्यांना तोच सल्ला, पोट साफ होत नाही म्हणणाऱ्यांना तोच, कोलेस्टेरॉलचा अहवाल घेऊन आलेल्यांनाही तोच. सांगायला पाच सेकंद पुरतात. रुग्ण मान हलवतो, शेजारी उभी असलेली बायको किंवा सून मुकाट्याने ऐकते आणि केसपेपर घेऊन मंडळी औषधांच्या खिडकीकडे वळतात. गोळ्या रुग्णच गिळणार असतो; भाकरी मात्र दुसऱ्याच कुणीतरी थापायची असते.

हा सल्ला बरोबरच आहे, पण अर्धा आहे. भाकरी किती खायची, कशाबरोबर खायची, ती कशावर भाजायची आणि कुणी भाजायची, हे चार प्रश्न त्यात सुटून जातात. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. तेव्हापासून ज्वारी-बाजरीला ‘श्रीअन्न’ म्हणण्याची पद्धत पडली आणि शहरातल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावरही भाकरी मानाने बसली. कौतुक झाले हे चांगलेच झाले. आता थोडा हिशेबही व्हायला हवा.

सुरुवात पिठापासून करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतुमय पदार्थ, ६८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच गव्हाच्या कणकेत साडेदहा ग्रॅम प्रथिने, ११ ग्रॅम तंतू, ६४ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि लोह पुन्हा ४ मिलिग्रॅमच. म्हणजे चाळून कोंडा न काढलेल्या कणकेची पोळी आणि ज्वारीची भाकरी यांत लोक समजतात तेवढे अंतर नाही. बाजरीत लोह जास्त, सुमारे साडेसहा मिलिग्रॅम. नाचणीत कॅल्शियम भरपूर, ३६० मिलिग्रॅमच्या वर. खरे अंतर दिसते ते सडलेल्या पांढऱ्या तांदळाशी तुलना केल्यावर. त्यात तंतू तीन ग्रॅमही भरत नाहीत. मैद्याच्या पावाची, खारीची आणि टोस्टचीही तीच कथा.

मग भाकरीचा फायदा नेमका कुठे आहे? एक तर ती नेहमी अख्ख्या धान्याची असते. घरच्या भाकरीसाठी कोंडा काढून पीठ करायची पद्धतच नाही. दुसरे, तिला ना मोहन लागते ना वरून तेल. तिसरे, ती चावून खावी लागते, त्यामुळे जेवण सावकाश होते आणि पोट लवकर भरल्यासारखे वाटते. शिवाय ज्वारीतली प्रथिने शिजताना पिष्टाच्या कणांभोवती घट्ट होतात, त्यामुळे त्या पिष्टाचे पचन काहीसे संथ होते. हे सगळे फायदे खरे आहेत, पण ते आहारातले आहेत. औषधाची जागा ते घेत नाहीत. भाकरी सुरू केली म्हणून मधुमेहाची गोळी आपल्या मनाने बंद करणारे रुग्ण भेटतात. तीन महिन्यांनी साखरेचा अहवाल हातात आला की त्यांनाच धक्का बसतो. आहार बदलला तर साखर तपासून घ्यावी आणि गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

दुसरा घोळ मापाचा. ‘दोन भाकऱ्या खातो’ या उत्तरातून डॉक्टरला काहीच कळत नाही. पुण्या-मुंबईच्या डब्यातली पातळ भाकरी ३०-४० ग्रॅम पिठाची असते, तर शेतावर जाणाऱ्या माणसाच्या फडक्यात बांधलेली सहज १०० ग्रॅमची भरते. मध्यम, ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर तिच्यात सुमारे २०० कॅलरी आणि ४० ग्रॅम पिष्टमय पदार्थ जातात. अशा तीन भाकऱ्या आणि वर भात, हे जेवण कितीही पारंपरिक असले तरी बैठे काम करणाऱ्या मधुमेही माणसाला झेपणारे नाही. घरात एकदाच एका भाकरीचे पीठ काट्यावर मोजून पाहावे आणि मग त्या मापाची वाटी ठरवून टाकावी. रोज वजन करत बसायची गरज उरत नाही.

आता ती करायची कशी, कारण बऱ्याच घरांत सल्ला अडतो तो इथेच. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लुटेन नावाच्या प्रथिनाचे लवचीक जाळे तयार होते. म्हणून पोळी लाटता येते, ताणता येते. ज्वारी, बाजरी आणि नाचणीत हे प्रथिन नाही. तिथे पिठाला बांधून ठेवण्याचे काम पिष्टाला करावे लागते. गरम पाणी ७० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेले असले की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. उकड काढणे म्हणजे दुसरे काही नाही. नंतर तळहाताच्या बुडाने पीठ रगडून मळायचे, म्हणजे तो चिकटपणा सगळ्या पिठात सारखा पसरतो. थोडे थोडे पीठ घेऊन, एकेका भाकरीपुरतेच मळणाऱ्या आजीबाईंना हे रसायनशास्त्र कुणी शिकवलेले नसते, पण त्यांच्या हाताला ते ठाऊक असते.

तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात, त्यालाही कारण आहे. थापताना परातीत पसरलेले कोरडे पीठ त्या बाजूला चिकटलेले असते. पाण्याने ते ओले होते, तव्याच्या उष्णतेने तिथले पिष्ट शिजते आणि वर एक पातळ आवरण तयार होते. पाणी आटत आले की उलटायची. पार कोरडे होऊ दिले तर भाकरीला भेगा जातात आणि त्या भेगांतून वाफ निसटते. दोन्ही बाजू धरल्यावर भाकरी आचेवर ठेवली की आतल्या ओलाव्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पापुद्रा सुटतो. टम्म फुगलेली भाकरी नुसती देखणी नसते. आतपर्यंत वाफ खेळली असल्यामुळे ती नीट शिजलेलीही असते. कच्चट, जाड भाकरी खाऊन ज्यांचे पोट फुगते, त्यांनी ज्वारीला दोष देण्याआधी भाजणी पाहावी.

ज्यांना जमत नाही, त्यांच्या हातापेक्षा पिठाचाच दोष जास्त वेळा असतो. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी जाते. मग कितीही गरम पाणी घाला, भाकरी थापताना फाटतेच. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असल्याने तिचे पीठ लवकर कडवट होते. म्हणून आठवड्याला लागेल तेवढेच दळून आणणे बरे. ज्यांना सिलिॲक आजार आहे, म्हणजे ग्लुटेन अजिबात चालत नाही, त्यांच्यासाठी भाकरी हे वरदान आहे. मात्र गिरणीत आधीचे दळण गव्हाचे असेल तर त्याचे पीठ ज्वारीत मिसळते. अशा रुग्णांनी घरच्या घरघंटीवर किंवा फक्त ज्वारी-बाजरी दळणाऱ्या ठिकाणाहूनच पीठ घ्यावे. दातांनी दगा दिलेल्या वृद्धांना भाकरी सोडून द्यायला सांगण्याचे कारण नाही; दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी त्यांना उत्तम.

भाकरी कशाबरोबर खायची, या प्रश्नामागे एक विसरलेला इतिहास आहे. १९६० साली हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावरील गरिबांत दिसणाऱ्या पेलाग्रा या आजाराबद्दल लिहिले. नायसिन या ब-गटातील जीवनसत्त्वाच्या अभावाने हा आजार होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांची आणि मानेची कातडी काळवंडून खरखरीत होते, जुलाब लागतात आणि पुढे माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. हे रुग्ण ज्वारी खाणारे होते. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असते आणि ते शरीरातील नायसिनच्या कामात अडथळा आणते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यावर पुढे बराच वाद झाला. पण त्यातली एक गोष्ट निर्विवाद राहिली : ताटात ज्वारीशिवाय दुसरे काहीच नसेल तर ज्वारी माणसाला आजारी पाडू शकते. तो आजार भाकरीचा कमी आणि रिकाम्या ताटाचा जास्त होता.

भरलेल्या ताटात हीच भाकरी वेगळी वागते. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळींत ते भरपूर असते. म्हणून भाकरीशेजारी पिठले, मटकीची उसळ किंवा घट्ट आमटी असली की प्रथिनांची बाजू भरून निघते. शेंगदाण्यांत नायसिन चांगले असते, त्यामुळे सोलापूरकडची शेंगदाण्याची चटणी जिभेचे आणि शरीराचे असे दोन्ही चोचले पुरवते. ज्वारी-बाजरीतले लोह सहजासहजी अंगी लागत नाही, कारण धान्यातली फायटेट्स ते धरून ठेवतात. ताटात पिळलेले लिंबू किंवा कच्चा टोमॅटो असला तर त्यातले क जीवनसत्त्व ते लोह सोडवून घ्यायला मदत करते. जेवणावर लगेच घेतलेला चहा याच्या अगदी उलट काम करतो. रक्त कमी असलेल्या बाईने बाजरीची भाकरी खाल्ली आणि पाठोपाठ कपभर चहा घेतला, तर कमावलेले बरेचसे तिथेच गमावले. चहा तासाभराने घ्यावा. राहता राहिला ठेचा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ठेचा, खर्डा, लोणचे आणि पापड हेच भाकरीचे कालवण झाले, तर रक्तदाबाच्या रुग्णाने भाकरीमुळे जे मिळवले ते मिठामुळे घालवले, असे होते.

आता तिसरा प्रश्न, आणि तो सगळ्यात गंभीर. महामार्गावर मैलामैलावर ‘चुलीवरची भाकरी’ असे फलक दिसतात. शहरातली कुटुंबे गाडी थांबवून तिथे जेवतात, चुलीपुढे बसलेल्या बाईंचे छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. फोटोत धूर दिसत नाही. त्या बाईंच्या छातीत मात्र तो रोज जातो. पाच माणसांच्या कष्टकरी घरात दोन्ही वेळच्या मिळून पंधरा-वीस भाकऱ्या होतात. एकीला तीन-चार मिनिटे धरली तरी रोजचा तास गेला, आणि तोही आगीवर वाकून. सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी हवेच्या घनमीटरला पाच मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. लाकूड, गोवऱ्या किंवा तुराट्या जळत असलेल्या बंद स्वयंपाकघरात हा आकडा शेकड्यांत जातो. घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून जास्त होती, कारण चुलीपुढे बसलेल्या आईच्या मांडीवर किंवा पाठीवर मूल असतेच. अशा मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो.

फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे, म्हणजे सीओपीडीचे, नाव निघाले की विडी-सिगारेट ओढणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या समजुतीला धक्का दिला. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूडफाटा आणि शेणाच्या गोवऱ्यांचा धूर घेणारे सुमारे ३०० कोटी लोक आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. आयुष्यात एकही विडी न ओढलेली पन्नाशीची बाई दम लागतो म्हणून सरकारी रुग्णालयात येते. तिला ‘दमा’ म्हणून फवारा दिला जातो आणि ती पुन्हा त्याच चुलीपुढे जाऊन बसते. फुप्फुसाची जी ताकद या आजारात गेली ती परत येत नाही. उरलेली वाचवायची तर धूर थांबवणे हाच पहिला उपचार.

त्यावर कुणी म्हणेल, उज्ज्वला योजना आली ना? मे २०१६ मध्ये ती सुरू झाली आणि दहा कोटींहून जास्त घरांत जोडणी पोहोचली, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे ४३ टक्केच निघाली. जोडणी मिळणे वेगळे आणि टाकी संपल्यावर दुसरी भरून आणणे परवडणे वेगळे. बऱ्याच घरांत चहा आणि भाजी गॅसवर होते, पण भाकऱ्यांना वेळ लागतो, गॅस जास्त जळतो, म्हणून त्या चुलीवर जातात. वर ‘गॅसच्या भाकरीला चव नाही’ असा शेरा ताटावर बसलेल्याकडून मिळतो. भाकरीची चव बरीचशी ताज्या पिठात, तापलेल्या लोखंडी तव्यात आणि नीट झालेल्या भाजणीत असते. धुराचा थोडा खमंगपणा कमी झाला तर तेवढे सोसायला हरकत नाही. निदान ज्याला धूर घ्यावा लागत नाही, त्याने तरी तक्रार करू नये. गॅस परवडतच नसेल तिथे चूल पडवीत किंवा अंगणात आणावी, धुराडे असलेली सुधारित चूल घ्यावी, ओले सरपण जाळू नये आणि लहान मूल व गरोदर बाई यांना धुरापासून दूर ठेवावे. यातून धोका कमी होतो, पण जात नाही.

शेवटचा प्रश्न, भाकरी कुणी करायची? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्के निघाले आणि पुरुषांचे २६ टक्के. घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला २९९ मिनिटे घालवत होती, घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. डॉक्टरने सासऱ्याला भाकरी लिहून दिली की त्या २९९ मिनिटांत आणखी भर पडते. घरात मुलांना पोळ्या, म्हाताऱ्यांना भाकरी, असा दोनदा स्वयंपाक सुरू होतो. बाई नोकरीवाली असेल तर तिची झोप कमी होते. साठीच्या पुढची असेल तर रगडून मळताना अंगठ्याचा सांधा आणि मनगट बोलू लागते, आणि जमिनीवर बसून थापताना गुडघे. आरोग्य एकाचे सुधारायचे आणि झीज दुसऱ्याची करायची, याला उपचार म्हणता येणार नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते अवघड नाहीत. भाकरी सगळ्या घराचीच करावी, म्हणजे स्वयंपाक दोनदा होत नाही आणि मुलांच्याही पोटात मैद्याऐवजी धान्य जाते. ओट्याशी उभे राहून थापावी. रोज दोन्ही वेळ भाकरीच हवी असा हट्ट नसावा. एक वेळ भाकरी, एक वेळ कोंड्यासकट कणकेची पोळी, हेही मधुमेहात उत्तम चालते. विकतची भाकरी आणण्यात कमीपणा नाही. सोलापूरकडची कडक भाकरी नीट वाळवलेली असली तर कितीतरी दिवस टिकते आणि अनेक ठिकाणी महिला बचत गट ती करून विकतात. त्यात दोन घरांचे भले होते. मात्र ‘ज्वारीची बिस्किटे’ म्हणजे भाकरी नव्हे. पाकिटावरच्या यादीत जो घटक जास्त तो आधी छापलेला असतो. तिथे मैदा आणि साखर पुढे असतील, तर ज्वारी नावापुरती आहे असे समजावे. आणि सगळ्यात साधा उपाय हा की ज्याच्या केसपेपरवर भाकरी लिहिली आहे, त्याने ती करायला शिकावे. निवृत्त माणसाला पंधरा दिवसांत हात बसतो. पहिल्या काही भाकऱ्यांचे नकाशे होतील, पण खाता येतात.

काही जबाबदारी घराबाहेरचीही आहे. अन्न सुरक्षा कायद्यात २०१३ पासून गहू आणि तांदळाबरोबर भरडधान्याचीही तरतूद आहे, पण रेशनच्या पिशवीत बहुतेक ठिकाणी गहू-तांदूळच पडतात. दुसरीकडे चांगली मालदांडी ज्वारी बाजारात गव्हापेक्षा महाग झाली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, शहरात तिला गिऱ्हाईक मिळाले, आणि जे घर पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर जगले, ते आता रेशनच्या तांदळावर आले आहे. मधुमेह काही फक्त श्रीमंतांना होत नाही. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या मजुराला ‘भाकरी खा’ सांगायचे, तर ज्वारी पिकणाऱ्या जिल्ह्यांत तरी ती त्याच्या रेशनकार्डावर मिळायला हवी, आणि ती भाजायला लागणारी गॅसची टाकी त्याला वर्षभर परवडायला हवी. या दोन गोष्टी आरोग्य खात्याच्या कक्षेत येत नाहीत असे म्हणून हात झटकता येणार नाहीत, कारण त्यांच्या अभावाने होणारे आजार त्याच खात्याच्या दारात येतात.

तोपर्यंत डॉक्टरांच्या हातात निदान एवढे आहेच. भाकरीचा सल्ला देताना रुग्णाच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे वळून विचारावे : घरी स्वयंपाक कशावर होतो? बाई, तुम्हाला खोकला किती दिवसांपासून आहे? दोन प्रश्नांना अर्धा मिनिटही लागत नाही. अनेकदा त्या घरातला दुसरा रुग्ण तिथेच सापडतो. त्याने अजून केसपेपर काढलेला नसतो, एवढेच.